सणावारी स्वमग्न मुलांची आणि प्रौढांची सोय



रायगडच्या किनारपट्टीवरील गावाचे वर्ष सणांनी बांधलेले आहे. नारळी पौर्णिमेला सजविलेला नारळ वाजतगाजत बंदरावर नेऊन समुद्राला अर्पण केला जातो. त्यामागून गोकुळाष्टमी, गौरी-गणपती, नवरात्र आणि दिवाळी येतात. कार्तिकात वरसोलीच्या विठोबाची, मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची जत्रा भरते आणि फाल्गुनात शिमगा येतो. पोटासाठी मुंबईस गेलेला माणूस या दिवसांत घरी परततो. वर्षभर अबोला धरलेले भाऊ एका आरतीला उभे राहतात. सण म्हणजे गावाचे एकत्र येणे होय. म्हणूनच या एकत्र येण्यातून एखादे मूल किंवा एखादा प्रौढ वर्षानुवर्षे बाहेर राहत असेल, तर त्याचा विचार गावाने केला पाहिजे; आणि तो विचार प्रथम शिक्षकाच्या मनात यावा हे स्वाभाविक आहे.

गणपतीच्या दिवसांत काही घरांतून दिसणारे दृश्य असे असते. संध्याकाळी ओटी भरून माणसे आरतीला उभी राहतात. टाळ, झांजा व ढोलकी यांचा गजर सुरू होतो, कापूर पेटतो, मखरातील रंगीत दिव्यांची उघडझाप चाललेली असते. इतक्यात घरातील सात-आठ वर्षांचा मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळू लागतो, जमिनीवर लोळतो, किंवा गर्दीतून वाट काढून बाहेर धाव घेतो. जमलेल्यांपैकी कोणी त्याला हट्टी म्हणतो, कोणी आईने लाडावून ठेवला म्हणतो, कोणी बाहेरचे काही लागले असेल असे कुजबुजतो. पुढील वर्षी आरतीच्या वेळी ती आई मुलाला घेऊन मागील पडवीत बसते. त्यापुढील वर्षी पाहुण्यांना सांगितले जाते की, मुलाला बरे नाही. अशा रीतीने मुलाबरोबर आईही सणाला मुकते, आणि त्याची दखल कोणी घेत नाही.

स्वमग्नता म्हणजे काय?

असे वागणाऱ्या मुलांपैकी काही मुले स्वमग्न असतात. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हिचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले. पुढे काही काळ, आईच्या मायेच्या अभावामुळे मूल असे होते, असा समज वैद्यकांतही पसरला होता. तो सर्वस्वी निराधार ठरला आहे. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच प्रारंभापासून निराळ्या प्रकारे होत असते, आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईबापांचे वागणे, लस, ग्रहदशा अथवा बाहेरची बाधा यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही.

स्वमग्न व्यक्तीला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव, आवाजातील सूचकता आणि चारचौघांत वागण्याचे अलिखित संकेत आपोआप उमगत नाहीत. ठरलेल्या क्रमात तिला स्वस्थता वाटते आणि अकस्मात झालेला बदल तिला फार जड जातो. आवाज, प्रकाश, वास, स्पर्श व चव यांचा अनुभव तिला इतरांहून कमी किंवा अधिक तीव्रतेने येतो. कोणी मूल मुळीच बोलत नाही. कोणी अस्खलित बोलते, परंतु एकाच विषयावर. कोणाला आयुष्यभर आधार लागतो, कोणी स्वतंत्रपणे संसार व नोकरी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. दीड-दोन हजार वस्तीच्या गावाला हेच प्रमाण लावले, तर दहा-पंधरा माणसे होतात. त्यांपैकी कित्येकांच्या अवस्थेला गावात कधी नावही मिळालेले नसेल.

सणात नेमके काय जड जाते?

सामान्य मुलाला जे जे सणात हवेसे वाटते, तेच पुष्कळदा स्वमग्न मुलाला सोसवत नाही. ढोल-ताशांचा आवाज आपल्या कानाला मोठा वाटतो; त्याच्या कानाला तो दुखापतीसारखा लागतो. फटाका केव्हा वाजेल हे आधी कळत नाही, म्हणून दोन फटाक्यांमधील शांतताही त्याला भयाचीच असते. धूप, कापूर व उदबत्ती यांचे वास एका खोलीत कोंडतात. नव्या कपड्याची खळ आणि जर त्याच्या अंगाला बोचते. शिमग्याला ओळखीचा माणूस सोंग घेऊन समोर येतो, तेव्हा चेहरा ओळखण्याचा त्याचा एकमेव आधार नाहीसा होतो. आणि कोणी न विचारता गालाला रंग लावला म्हणजे तो ओला, खरखरीत स्पर्श त्याला असह्य होतो.

याहूनही अधिक त्रास दिनक्रम मोडल्याने होतो. मुंबईचे पाहुणे आले की त्याची निजण्याची जागा बदलते. जेवणाची वेळ नैवेद्यावर अवलंबून राहते. एरवी भात आणि सुक्या मासळीचा तुकडा याखेरीज काहीही न खाणाऱ्या कोळीवाड्यातील मुलाला सणाच्या शाकाहारी पानात खाण्याजोगे काहीच सापडत नाही. आत्या, मावश्या व काका प्रेमाने जवळ ओढतात, गालगुच्चा घेतात, “ओळखलंस का मला?” म्हणून विचारतात. यांपैकी एखादी गोष्ट मूल कदाचित निभावून नेईल. परंतु त्या सर्व एकाच दिवशी येतात. मग संध्याकाळी आरतीच्या वेळी जो उद्रेक होतो, त्याचे कारण त्या एका क्षणात नसते. सकाळपासून भरत आलेली घागर त्या वेळी सांडते एवढेच.

हट्ट आणि उद्रेक यांतील भेद शिक्षकाने जाणला पाहिजे. हट्ट करणारे मूल कोणाचे लक्ष आहे ते पाहते आणि हवी ती वस्तू मिळताच थांबते. उद्रेकात सापडलेल्या मुलाला स्वतःला आवरताच येत नाही. त्याला रागावणे, मारणे किंवा समजूत घालण्यासाठी बोलत राहणे म्हणजे सोसवेनाशा झालेल्या आवाजात आणखी आवाज मिसळणे होय. त्या वेळी माणसे दूर करावीत, दिवा मंद करावा, बोलणे एकदोन शब्दांवर आणावे, इजा होणार नाही एवढे पाहावे आणि वाट पाहावी. बाधा उतरविण्याच्या नावाखाली अशा मुलाला मारहाण करणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हाही आहे.

परंपरेतच सोय आहे

एका मुलासाठी सणाची रीत का मोडावी, असा प्रश्न गावातील वडीलधारी मंडळी विचारतील. त्याचे उत्तर रीतीतच आहे. आपल्याकडे कोणाचा गणपती दीड दिवसाचा असतो, कोणाचा पाच, कोणाचा सात, तर कोणाचा दहा दिवसांचा. ज्याच्या घरी जेवढे जमते आणि जशी चाल पडलेली असते, तेवढे दिवस देव राहतो. दीड दिवसाच्या गणपतीची भक्ती उणी आहे असे कोणी मानीत नाही. आजारी माणसाला उपवास सोडावयास सांगणारी, म्हाताऱ्याला बसून पूजा करू देणारी हीच परंपरा आहे. जो न्याय घराला आणि आजाऱ्याला, तोच मुलाला लावावयाचा. दहा मिनिटांच्या आरतीपैकी एकच मिनिट दाराशी उभे राहून मूल आत गेले, तरी तेवढी आरती त्याची झाली.

घरी करावयाचे उपाय

शिक्षकाने पालकांना पुढील गोष्टी सणाच्या आठ-पंधरा दिवस आधी सांगाव्यात.

१. पुढे काय होणार ते आधी दाखवावे. अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या सुमारास अशा मुलांसाठी लहान गोष्टी लिहिण्याची पद्धत घालून दिली. एखाद्या प्रसंगी काय घडेल आणि त्या वेळी काय करता येईल, हे तीत मुलाच्याच शब्दांत सांगितलेले असते. शिक्षकाला ती चित्रांसह वहीच्या दोन पानांवर सहज करता येईल. उदाहरणार्थ: “बुधवारी आमच्या घरी गणपती येणार. काका आणि काकू मुंबईहून येतील. ते माझ्या खोलीत झोपतील. मी आजीजवळ झोपेन. संध्याकाळी आरती होईल. झांजा मोठ्याने वाजतील. मला नको वाटले तर मी पडवीत जाऊ शकतो. आरती संपली की झांजा थांबतील. गुरुवारी गणपती जाईल. मग माझी खोली मला परत मिळेल.” ही गोष्ट रोज एकदा वाचून दाखवावी. तीत “रडू नये”, “शहाण्यासारखे वागावे” असे उपदेश घालू नयेत. शेवट केव्हा होणार हे मात्र अवश्य सांगावे. कारण अवघड गोष्ट संपणार आहे हे ठाऊक असले, म्हणजे ती सोसता येते.

२. ओळख हळूहळू करून द्यावी. पेण आणि हमरापूरच्या परिसरात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. जवळच्या पालकांनी मुलाला सणापूर्वी एखाद्या शांत दुपारी तेथे नेऊन मूर्ती दाखवावी. इतरांनी मखर बांधताना त्याला जवळ बसू द्यावे. झांज त्याच्या हाती देऊन ती त्यालाच हळू वाजवू द्यावी. आवाज स्वतः काढलेला असला की त्याचे भय कमी होते.

३. विसाव्याची जागा ठरवावी. मागील खोली, पडवी किंवा शेजारचे घर यांपैकी एक जागा त्या दिवसांपुरती त्याची असावी. तेथे त्याचे नेहमीचे अंथरूण व आवडती वस्तू ठेवावी आणि पाहुण्यांनी तेथे जाऊ नये. ही जागा शिक्षेची नव्हे, हे घरातील सर्वांना समजावून द्यावे. मुलाला सोसवत असतील तर कान झाकणारे, आवाज रोखणारे हेडफोन त्याच्याजवळ असू द्यावेत.

४. अन्न, वस्त्र आणि स्पर्श यांत सक्ती करू नये. नवा कपडा आधी दोनदा धुऊन मऊ करावा, किंवा जुनाच घालू द्यावा. नैवेद्याचे पान वेगळे आणि मुलाचे नेहमीचे जेवण वेगळे ठेवावे. नमस्कारासाठी मान वाकवू नये. टिळा लावण्यापूर्वी विचारावे. पाहुण्यांना हे आईने सांगण्यापेक्षा घरातील कर्त्या माणसाने आधीच सांगितलेले बरे. म्हणजे तिच्यावर बोल येत नाही.

५. एक काम त्याच्याकडे सोपवावे. हा उपाय सर्वांत मोलाचा आहे. दूर्वांची जुडी एकवीस दूर्वांची असते. मोजणे, जुळविणे, ओळीत लावणे यांत रमणाऱ्या मुलाला दूर्वा निवडून एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधण्याचे काम दिले, तर ते तो अनेक मोठ्यांहून अचूक करील. पत्री वेगवेगळी करणे, पणत्या समान अंतरावर मांडणे, मोदक मोजून ताटात ठेवणे ही कामेही तशीच आहेत. त्यांना निश्चित आरंभ आणि निश्चित शेवट असतो, आणि ती गर्दी जमण्यापूर्वीची असतात. ज्याच्या हातच्या दूर्वा देवाला वाहिल्या गेल्या, तो सणाबाहेर राहिला असे कोण म्हणेल?

समुद्रकिनाऱ्यावरील सावधगिरी

किनाऱ्यावरील गावांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. पुष्कळ स्वमग्न मुले गोंगाटातून न सांगता निघून जातात आणि त्यांपैकी कित्येकांना पाण्याची ओढ असते. अशी मुले बुडून मृत्यू पावण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. नारळी पौर्णिमा आणि विसर्जन हे दोन्ही प्रसंग समुद्राशी, गर्दीत आणि बहुधा अंधार पडण्याच्या सुमारास घडतात. “सगळेच लक्ष ठेवतील” असे म्हटले की कोणीच लक्ष ठेवीत नाही. म्हणून मुलाबरोबर एकच प्रौढ नेमून द्यावा. त्याच्याकडे मूर्ती, पाट किंवा वाद्य यांपैकी कशाचेही काम नसावे. त्याला विसावा द्यावयाचा तर दुसऱ्याने “आता मी पाहतो” असे स्पष्ट सांगून जागा घ्यावी. मुलाच्या खिशात नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर ती अत्यावश्यक आहे. मूल दिसेनासे झाले तर एकाने तत्काळ पाण्याच्या दिशेने धाव घ्यावी आणि मगच बाकीच्यांनी घरे व वाटा शोधाव्यात. हाका मारूनही ते ओ देईलच असे नाही, म्हणून डोळ्यांनीच शोध घ्यावा. मुलाला विसर्जनाला न्यावयाचे नसेल, तर घरच्या उंबऱ्यावरून देवाला निरोप देण्याची संधी त्याला द्यावी. मात्र त्याच्याजवळ थांबणारा माणूस दरवर्षी तोच नसावा.

शाळेतील समारंभ

शाळेचेही सण असतात, आणि त्यांवर शिक्षकाचा संपूर्ण अधिकार असतो. पहिल्याच दिवशी प्रवेशोत्सवात ढोल, लेझीम व फुगे यांनी नव्या मुलांचे स्वागत होते. स्वमग्न मुलाच्या मनात शाळेचे पहिले चित्र तेच ठसते. अशा मुलाला आदल्या आठवड्यात रिकामा वर्ग दाखवावा आणि त्या दिवशी मिरवणूक आटोपल्यावर बोलवावे. स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी त्याला रांगेच्या टोकाला, ध्वनिक्षेपकापासून दूर उभे करावे. राष्ट्रगीतापूर्वी हळूच सांगावे, म्हणजे अकस्मात आवाजाने तो दचकणार नाही. स्नेहसंमेलनात त्याला रंगमंचावर ढकलू नये. पडदा ओढणे, क्रमांकाची पाटी दाखविणे, चित्रे लावणे ही कामे तो आवडीने करील. इतर मुलांना वर्गात एवढेच सांगावे की, प्रत्येकाचे कान सारखे नसतात. याला आवाज फार मोठा ऐकू येतो, म्हणून तो कान झाकतो. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतात. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मात्र अभ्यासाची घाई करू नये. थकलेल्या मनाला तो दिवस विसाव्यासाठी द्यावा.

प्रौढांविषयी

ही मुले मोठी होतात, ही गोष्ट सहज विसरली जाते. गावात एखादा चाळिशीचा माणूस असतो. तो जाळे विणताना एकही गाठ चुकवीत नाही, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ सांगतो, परंतु लग्नाच्या मांडवात पाय ठेवीत नाही. गाव त्याला विक्षिप्त, क्वचित वेडाही म्हणते. तो स्वमग्न आहे किंवा नाही हे ठरविणे तज्ज्ञांचे काम. परंतु त्याला सन्मानाने वागविण्यासाठी तज्ज्ञाच्या दाखल्याची गरज नाही. प्रौढाशी लहान मुलासारखे बोलू नये. त्याच्या वतीने घरच्यांना न विचारता त्यालाच विचारावे, आणि उत्तराला वेळ द्यावा. पालखी दारी येणार असेल तर ती कोणत्या वेळी येईल, किती वेळ थांबेल हे त्याला कळवावे. जत्रेला जावयाची इच्छा असेल तर गर्दी जमण्यापूर्वी सकाळी लवकर जाऊन दर्शन घेण्याची सोय करावी. आणि त्याने “यंदा नको” म्हटले, तर तो त्याचा निर्णय आहे. त्यासाठी आग्रह अथवा थट्टा करू नये.

गाव, मंडळ आणि कायदा

गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत शिक्षकाच्या शब्दाला मान असतो. त्याचा उपयोग करून एकच मागणी करावी: दिवसातून एक घटका मंडपात वाद्य, ध्वनिक्षेपक व उघडझाप करणारे दिवे बंद असावेत, आणि ती वेळ फळ्यावर लिहिलेली असावी. या शांत दर्शनाचा लाभ तान्ह्या बाळाच्या आईला, आजाऱ्याला व वृद्धांनाही होईल. कायदाही या मागणीच्या बाजूचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई असून, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस शासन ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. परंतु कायद्याचा धाक घालून मिळविलेली शांतता एका वर्षापुरती टिकते. समजूत पटून मिळालेली शांतता गावाची चाल बनते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. शासकीय तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते, तसेच राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची सोय आहे. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु शंका आल्यास पालकांना धीर देऊन शासकीय रुग्णालयाची आणि तालुक्यातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञ शिक्षकांची वाट दाखविणे हे निश्चितपणे त्याचे काम आहे.

आरंभ मोठा करण्याची आवश्यकता नाही. येत्या सणापूर्वी शिक्षकाने अशा एकाच मुलाच्या घरी जावे आणि आईवडिलांना दोन प्रश्न विचारावेत: सणातील कोणती वेळ याला जड जाते, आणि कोणती गोष्ट याला मनापासून आवडते? पहिल्या उत्तरावरून काय टाळावयाचे ते कळेल, दुसऱ्यावरून कोणते काम सोपवावयाचे ते कळेल. दोन्ही उत्तरे वहीत टिपून ठेवावीत आणि सण झाल्यावर पुन्हा एकदा त्या घरी जाऊन काय साधले, काय राहिले, ते त्याखाली लिहावे. पुढील वर्षी बदलून आलेल्या शिक्षकाच्या हाती ती वही पडली, तर त्या मुलाच्या सणाची तयारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.